धर्म नीतीचा वाटाड्या म्हणून तारतो की बुडवतो? नाशिकचे दाखले घेऊन बोलूया

गोदातीर

देव आहे की नाही, हा वाद इथे नको. त्यासाठी जुने धागे पुष्कळ आहेत. प्रश्न एवढाच की माणसानं नीट वागावं म्हणून धर्मावर विसंबावं का, आणि विसंबलं तर पदरात काय पडतं.

'धर्म नीती शिकवतो' या एका वाक्यात तीन निरनिराळी कामं कोंबलेली असतात. बरं काय, वाईट काय हे ठरवणं. ठरलेलं पाळायला बळ देणं. आणि जो पाळत नाही त्याला शासन करणं. दुसऱ्या कामात धर्माचा हात धरणारं फार थोडं आहे. पहिल्यात तो बऱ्याचदा काळाच्या मागे असतो. तिसरं काम त्याच्याकडे गेलं की मात्र माणसांचे हाल होतात, कारण शिक्षा करणाऱ्याला जाब विचारायची सोयच तिथे नसते.

नाशिक मुद्दाम घेतलं. काळाराम, त्र्यंबक, निवृत्तिनाथांची वारी, जातपंचायती, आदिवासी पट्ट्यातले मंत्र-अंगारा करणारे भगत, सगळं एका जिल्ह्यात आहे. स्वतःचे अनुभव नकोत. गोष्ट कशी चालते आणि कुठे अडते, ते लिहा.

तुळसमाळ

दुसऱ्या कामाबद्दल लिहितो. 'वारीमुळे दारू सुटते' असं सगळे म्हणतात, कशी सुटते ते कुणी सांगत नाही.

माळ घालणं म्हणजे गळ्यात १०८ मण्यांची तुळशीची माळ, मद्य-मांस बंद, महिन्याच्या दोन्ही एकादशा आणि वर्षाची वारी. नुसत्या उपदेशानं दारू सुटत नाही. माळेनं सुटते तेव्हा चार गोष्टी एकदम घडलेल्या असतात. शपथ चारचौघांत झालेली असते. खूण गळ्यात दिसते, त्यामुळे गुत्त्यावर पाऊल टाकलं तर तिथलाच कुणीतरी हटकतो. संध्याकाळची धोक्याची वेळ हरिपाठात आणि भजनात जाते. आणि बसण्याउठण्यातली मंडळी बदलते. माझ्या मते शेवटचं कारण सगळ्यांत मोठं. निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात असते. एवढे आठवडे जुने सोबती आसपास नसणं हा उपचाराचाच भाग आहे.

आता बिघडतं कुठे ते. रोज भरपूर पिणाऱ्याला 'माळ घातली, आता थेंब नाही' म्हणून एका दिवसात थांबवणं जिवावर बेतू शकतं. थांबवल्यापासून ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरथर, ताप, नसलेलं दिसणं सुरू होतं. लोक त्याला 'लागीर झालं' म्हणतात आणि घात होतो. अशा माणसाला आधी दवाखान्यात दाखल करावं. तिथे थरथर आटोक्यात ठेवणारी औषधं आणि थायमिनची, म्हणजे ब१ची, इंजेक्शनं मिळतात. माळ त्यानंतर घालावी.

दुसरा बिघाड लाजेचा. माळ मोडलेला माणूस पुन्हा भजनाला तोंड दाखवत नाही. त्याच्या घरी दिंडीतलं कुणीतरी आपणहून गेलं पाहिजे, आणि तेही आठवड्याच्या आत. हे न करणाऱ्या दिंड्यांत सुटलेली दारू परत धरते.

सनद

गोदातीर ताई, तिसऱ्या कामाबद्दल मी.

२०१३ मध्ये नाशकात आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानंच जीव घेतला. त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उजेडात आला आणि अंनिसनं (अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं) राज्यभर जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा त्यातून आला. २०१६ मध्ये विधिमंडळानं तो मंजूर केला, ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही देता येते. दोषारोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा, अशी तरतूद आहे.

कागदावर कायदा चांगला आहे. प्रकरणं पुराव्यावर ढासळतात, कारण पंच लेखी काहीच देत नाहीत. दंड रोखीनं घेतात, निर्णय तोंडी सांगतात. म्हणून बहिष्कृत कुटुंबानं पहिल्या दिवसापासून पुढची कामं करावीत. बैठकीची तारीख, जागा आणि हजर पंचांची नावं त्याच रात्री वहीत टिपावीत. दंडासाठी पैसे उचलले असतील तर बँकेची नोंद किंवा गहाण ठेवलेल्या दागिन्याची पावती जपावी. लग्नाचं, दशक्रियेचं बोलावणं आलं नाही, तर त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरी गेलेली पत्रिका मिळवावी. ती फार उपयोगी पडते. मोबाइलवरचे निरोप पुसू नयेत, फोन बदलला तरी जुना ठेवावा. साक्षीदार जातीबाहेरचा असला तर उत्तम, म्हणजे किराणावाला, दळणवाला, शाळेतले गुरुजी. जातीतला साक्षीदार उलटतो, कारण त्याच्याही मुलीचं लग्न तिथेच व्हायचं असतं.

आणि 'हे कायदे धर्माविरुद्ध आहेत' म्हणणाऱ्यांनी जादूटोणाविरोधी कायदा शेवटपर्यंत वाचावा. २० ऑगस्ट २०१३ ला अंनिसच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यात पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. गुन्हा आहे तो इजा, लुबाडणूक आणि दहशतीचा.

मेनरोड_जुना

@सनद, सगळं पटलं. पण जातपंचायत हा जातीचा कारभार झाला. त्याचा बोजा धर्मावर का टाकायचा?

सनद

कारण पंचांची ताकद तिथूनच येते. आरोपीला भंडारा उचलायला लावतात, देवीची शपथ घालतात, 'शुद्ध' करून घेण्याचा विधी लावतात. ही पवित्र चौकट काढून घेतली तर उरतात पाच-सात दांडगे, आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला लोक कमी भितात. धर्माच्या जाणत्यांनी 'या शपथेला धर्मात थारा नाही' एवढं गावात उभं राहून सांगितलं तरी निम्मं काम होतं. सांगणारे आहेत, पण कमी आहेत.

मापनपट्टी

धार्मिक माणूस जास्त चांगला वागतो का, हे मोजायचे प्रयत्न झालेत. चार सांगते, कारण दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीचा एकच उचलतात.

१९७३, अमेरिकेतलं प्रिन्स्टन. धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी. त्यांना भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय होता बायबलमधला चांगल्या शोमरोनीचा दाखला, म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला, तोही प्रयोगाचाच भाग. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी ६३ टक्के थांबले, मध्यम घाईतले ४५ टक्के, खूप घाईतले फक्त १० टक्के. भाषण कशावर द्यायचं होतं, त्यानं लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही.

२००७, कॅनडा. विस्कटलेले शब्द जुळवून वाक्य करायचं आणि मग दहा डॉलरमधले अनोळखी माणसाला किती देणार ते ठरवायचं. शब्दांत 'देव', 'पवित्र' असलं तर सरासरी ४.२२ डॉलर दिले गेले, साधे शब्द असले तर १.८४. मात्र 'न्यायालय', 'पोलीस', 'करार' हे शब्द ठेवले तरी देवाच्या शब्दांइतकाच परिणाम दिसला. ही दुसरी अर्धी बाजू कुणी सांगत नाही. शिवाय २०१५ मध्ये बऱ्याच मोठ्या गटावर तोच प्रयोग केला तेव्हा देवाच्या शब्दांचा परिणाम दिसलाच नाही.

२०१५, सहा देशांतली लहान मुलं. 'धार्मिक घरांतली मुलं कमी वाटून खातात' असा निष्कर्ष जगभर छापून आला. पुढे कळलं की हिशेबात देशांना दिलेले क्रमांक चुकून आकडे म्हणून धरले गेले होते. चूक सुधारल्यावर निष्कर्ष टिकला नाही आणि २०१९ मध्ये लेख मागे घेतला गेला. नास्तिक मित्रांनो, हा लेख अजून कायप्पावर (व्हॉट्सॲपवर) फिरतो, पुढे पाठवू नका.

चौथा मोरोक्कोमधल्या माराकेशच्या बाजारातला, तोही २०१५ चा. दुकानदारांना विचारलं, पैसे स्वतःला हवेत की दानाला द्यायचे? अजान कानावर पडत असताना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी दानाचा सर्वांत मोठा पर्याय निवडला. इतर वेळी हे प्रमाण खूपच उतरलं.

या सगळ्यातून मला दिसतं ते असं की धर्माचा परिणाम स्वभावावर कमी आणि प्रसंगावर जास्त होतो, आणि तो लवकर विरतो. तुळसमाळ यांनी लिहिलेल्या रोजच्या हरिपाठाचं मोल इथे कळतं. बारा वर्षांतून एकदा सिंहस्थात डुबकी मारून बारा वर्षांची नीती साठत नाही.

उत्तरवारा

डेन्मार्क, स्वीडनमध्ये देवळात जाणारे मोजके आणि भ्रष्टाचार जगात सगळ्यांत कमी असलेल्या देशांत त्यांची गणना. धर्माशिवाय नीती टिकते याला आणखी पुरावा काय हवा?

मापनपट्टी

टिकते, हे सिद्ध झालं. धर्म काढला की आपोआप येते, हे सिद्ध झालं नाही. तिथे आजारपण, म्हातारपण, बेकारी यांची हमी सरकार घेतं. मग अडीनडीला धर्माच्या जाळ्याची गरज कमी पडते. आपल्याकडे आजारी माणसासोबत नाशकात आलेलं खेड्यातलं कुटुंब राहतं कुठे? गाडगेबाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या त्या याच गरजेसाठी. पर्याय उभा केल्याशिवाय जाळं काढलं तर सगळ्यांत गरीब माणूस आधी खाली पडतो.

पूर्वदरवाजा

काळारामाबद्दल नीट लिहायला हवं, कारण दरवेळी दोन ओळींत उरकलं जातं.

अस्पृश्य मानलेल्यांना काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. आंबेडकरांचं, नाशकातली सगळी बांधणी दादासाहेब गायकवाडांची. सुमारे पंधरा हजार लोक जमले होते. मिरवणूक मंदिरापाशी आली तेव्हा दरवाजे बंद होते, म्हणून ती गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी चारही दरवाज्यांवर तुकड्या बसल्या, पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. दरवाजे उघडेनात. ९ एप्रिलला रामाच्या रथाचा दिवस आला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून रथ ओढायचा, असं ठरलं होतं. ठरलेलं मोडून रथ दुसरीकडून पळवला गेला आणि दगडफेक झाली. सत्याग्रह पुढे कित्येक वर्षं रेटला गेला.

दरवाज्याच्या आत उभे असलेले लोक चोर-दरोडेखोर नव्हते. रोज पूजा करणारे, उपास पाळणारे, घरी आलेल्याला जेवू घालणारे होते. आपण धर्म राखतोय याच खात्रीनं त्यांनी माणसांना बाहेर ठेवलं. वाईट माणूस धर्माशिवायही वाईट वागेल. चांगल्या माणसाला टोचणी न लागता अन्याय करता यावा, यासाठी मात्र पवित्र कारण लागतं. धर्मावरचा माझा सगळ्यांत मोठा आक्षेप हाच आहे.

१९३४ मध्ये आंबेडकरांनी गायकवाडांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितलं. मूर्तिपूजक व्हावं म्हणून आपण हे केलं नव्हतं, लोकांना जागं करण्याचा तो मार्ग होता, आता शक्ती शिक्षण आणि राजकारणाकडे वळवा, असा त्याचा रोख. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी धर्म सोडून दिला नाही, दुसरा निवडला आणि सोबत २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यात चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही हे आहेच. समाजाला नीतीसाठी धर्म लागतो, असं त्यांचं मत होतं. अट अशी की तो बुद्धीला पटला पाहिजे आणि समता, स्वातंत्र्य, बंधुता मानणारा पाहिजे. त्यामुळे 'आंबेडकर धर्मविरोधी' म्हणणारे आणि 'धर्म हवाच' एवढ्यावर थांबणारे, दोघंही अर्धंच सांगतात.

सनद

पुस्ती जोडतो. १९५६ च्या राज्याच्या कायद्यानं हिंदूंच्या सार्वजनिक देवळांत कुठल्याही वर्गाच्या हिंदूला अडवणं गुन्हा ठरलं, सहा महिन्यांपर्यंत कैद. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तोच कायदा स्त्रियांच्या बाबतीत पाळायला सरकारला बजावलं. शनिशिंगणापूरचा चौथरा त्यानंतर खुला झाला. त्र्यंबकेश्वरला गाभाऱ्यात आधी पुरुषांनाही बंदी झाली, मग स्त्रियांना ठरावीक वेळ आणि वस्त्रांच्या अटी आल्या. समान हक्क द्यायची वेळ आली की सगळ्यांनाच दार बंद करायचं, ही युक्ती इतर देवस्थानांतही दिसते. तक्रार करताना 'प्रवेश नाकारला' एवढंच लिहू नका. त्या दिवशी कुणाला आत सोडलं, तेही वेळेसह लिहा.

भातखाचर

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा पट्ट्यात नीतीचा आणि जिवाचा वाटाड्या म्हणजे भगत. त्याच्यावर नुसती टीका करून काही होत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

सर्पदंशात भगताला यश का मिळतं? चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, धामण, दिवड, कवड्या. विषारी सापही काही वेळा विष न सोडता चावतो. अशी माणसं मंत्र घातला तरी जगतात, नाही घातला तरी जगतात. श्रेय मंत्राला मिळतं. घात होतो मण्यारीत. ती रात्री झोपेत चावते, दुखत नाही, सूज येत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं जड येतं, मग श्वास थांबतो. मधले तास अंगाऱ्यात गेलेले असतात.

करायचं ते असं. चावलेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवा. चिरा मारू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. १०८ ला फोन करा. दवाखान्यात २ मिली रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय असं धरतात. मण्यार आणि नागाचं विष या चाचणीत कळत नाही, तिथे पापण्या आणि श्वासच पाहावा लागतो. विषाची लक्षणं दिसली की प्रतिविषाच्या साधारण १० कुप्यांनी सुरुवात होते, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

उपचारापासून रोखणं जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. पण भगताला आरोपी केलं की पुढच्या वेळी लोक लपूनछपून त्याच्याकडेच जातात. जे चालतं ते सांगतो. पावसाळ्याआधी आरोग्य केंद्रानं पाड्यावरच्या भगतांना बोलावून पापण्यांची खूण शिकवायची आणि 'गाडी येईपर्यंत अंगारा लावा, गाडी आली की पाठवा' एवढं कबूल करून घ्यायचं. गाडीत भगत बरोबर आला तर फारच चांगलं, घरचे वाटेत उतरून परत फिरत नाहीत. 'भुताळी' ठरवून बाईला मारहाण होते तिथे मात्र समजुतीत वेळ घालवू नका. पोलीस ठाण्यातच जा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

निर्मळ_गोदा

धर्मग्रंथांत ज्याचं उत्तर नाही असे प्रश्नही आहेत. प्लास्टरच्या गणपतीचं काय करायचं, हे कुठल्या ग्रंथात असणार? 'नदीत विसर्जन करू नका' एवढंच सांगितलं की लोक चिडतात. घरच्या विसर्जनाची रीत हाती दिली की करतात. मूर्तीच्या वजनाइतका अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीतला खार, प्लास्टिकच्या टाकीत मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात घालायचा आणि दिवसातून तीन-चार वेळा ढवळायचं. साधारण दोन दिवसांत मूर्ती विरघळते. तळाला चुनखडीचा गाळ बसतो, वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, भरपूर पाणी मिसळून झाडांना चालतं. खार कमी पडला तर आतला गोळा तसाच राहतो. वास उग्र असतो, बंद बाथरूममध्ये करू नका. उत्तरपूजा आणि आरती आधी नीट होऊ द्या. ती घाईत उरकली की घरातले ज्येष्ठ पुढच्या वर्षी परत नदीवरच जातात.

मेनरोड_जुना

मुलांना मग काय शिकवायचं? 'देव बघतोय' म्हणायचं की नाही?

मापनपट्टी

म्हणायला हरकत नाही, पण तेच एकमेव कारण ठेवू नका. अमेरिकेत अतिशय कर्मठ अशा आमिश-मेनोनाइट मुलांना १९९० च्या सुमारास विचारलं होतं, देवानं रविवारी काम करू नका असं सांगितलंच नसतं तर काम करणं चाललं असतं का? बहुतेक म्हणाली, हो. देवानं चोरी करायला सांगितली तर चोरी बरी ठरेल का? बहुतेक म्हणाली, नाही. म्हणजे कर्मठ घरातल्या मुलांनाही विधीचा नियम आणि दुसऱ्याला इजा न करण्याचा नियम वेगळे कळतात. आपण मोठेच दोन्ही एका सुरात बजावतो, 'चपला बाहेर काढ, पाप लागेल' आणि 'मारू नकोस, पाप लागेल'. मारण्याच्या बाबतीत 'त्याला लागलं, बघ' हे आधी सांगा, देव नंतर.

गोदातीर

चर्चेमुळे माझं एक मत बदललं. तिसरं काम धर्माकडून काढूनच घ्यावं असं मी म्हणत होते. भगतांचं वाचून वाटतं, शिक्षा काढून घ्यावी आणि रोखण्याचं काम ठेवावं. @सनद, बालविवाहात लग्न लावणाऱ्या गुरुजींवर काय जबाबदारी येते? अक्षय्य तृतीयेला दरवर्षी हा प्रश्न पडतो.

सनद

२००६ च्या कायद्यात लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 'हा बालविवाह नाही असं मानायला मला कारण होतं' हे सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. म्हणून भटजी असोत, काझी असोत की जातीतले लग्न लावणारे, त्यांनी मुहूर्त काढायच्या आधीच दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले किंवा जन्मदाखले मागावेत आणि छायाप्रत स्वतःजवळ ठेवावी. आधारवरच्या तारखेवर विसंबू नये. मुलगी १८, मुलगा २१. मंगल कार्यालयवाले आणि मंडपवाले यांनीही हाच नियम ठेवावा.

संशय आला तर गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, किंवा १०९८ ला फोन करावा, नाव सांगायची सक्ती नाही. हळदीच्या दिवशी कळवलं तर जेवणावळीचा खर्च झालेला असतो आणि कुटुंब गाव बदलून रातोरात लग्न उरकतं. पत्रिका छापायच्या आधी कळवलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळवता येतो, आणि मनाई असताना लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं.